शेंडेसाळुंकीच्या मोजणीतली आत्या

आत्या खरं म्हणजे एकाच माणसाची आत्या. पण तो माणूस पक्षिमोजणी कार्यालयाचा साहेब झाला, त्याने आपल्या आत्याला तिथे नोकरीला लावलं, आणि मग पहारेकऱ्यापासून नकाशे काढणाऱ्या बाईपर्यंत सगळेच तिला आत्या म्हणायला लागले. तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला कारकूनही तिला आत्याच म्हणायचा आणि ती त्याला "काय रे" म्हणायची. याला कुणाला वशिला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. वशिला होताच. पण त्या नोकरीला लागणारी एकमेव गोष्ट अख्ख्या गावात फक्त आत्याकडे होती, हेही तितकंच खरं. ती गोष्ट म्हणजे शीळ.

शीळ ती बटणांच्या कारखान्यात शिकली. बावीस वर्षं तिने तिथे बटणांना भोकं पाडली. यंत्रांचा खडखडाट असा, की शेजारणीच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी तिला वाटायचं ही जांभई देतेय. म्हणून तिथल्या बायका शीळ घालून बोलायच्या. एक लांब शीळ म्हणजे मुकादम आला. दोन तुटक म्हणजे पट्टा निसटला. आणि तीन टप्प्यांची, शेवटी खाली उतरणारी शीळ म्हणजे माझी टोपली भरली, दुसरी आणा. आत्याचा हात चलाख, त्यामुळे तिची टोपली सारखी भरायची. ती शीळ तिच्या ओठांवर अशी बसली की भांडी घासताना, जिना उतरताना, केस विंचरताना आपोआप निघायची. तिची आई म्हणायची, बाईच्या जातीला शोभत नाही हे. आत्या म्हणायची, शोभायला कुठे घालतेय, सवयीने निघते. भाऊ-वहिनी बदलीच्या नोकरीपायी गावोगाव फिरत होते, त्यामुळे त्यांचा मुलगा आत्यापाशीच वाढला, आणि त्याच्या लहानपणीची सगळी झोप त्या टोपलीच्या शिळेवर झाली.

गावामागच्या डोंगरावर घनदाट जंगल होतं. डोंगराच्या धारेवर नव्वद उंच झाडं होती आणि त्या झाडांच्या शेंड्यांवर शेंडेसाळुंकी नावाचा पक्षी राहायचा. राहत असावा, असं म्हणू. अंगणातल्या साळुंकीची ही दूरची बहीण. पाठ काळी, उन्हात निळी झाक मारणारी, पोट पांढरं, डोळा फिकट पिवळा. खाली म्हणून उतरायचं नाही. झाडं एवढी उंच, की वर बघणाऱ्याची मान अवघडते, टोपी पडते आणि पक्षी काही दिसत नाही. तिच्याविषयी एका जुन्या पुस्तकात चार ओळी होत्या, बस्स. कुणी एक प्रवासी हमालांच्या डोक्यावर सामान देऊन त्या धारेवर एक दिवस राहून गेला होता. त्याने एक पक्षी मारला, रंग लिहून ठेवले, आणि पुढे लिहिलं: हाक गोड, तीन टप्प्यांची, शेवट खाली उतरणारा. ती हाक पक्ष्याची होती की कंटाळलेल्या हमालाची, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

सरकारी यादीत या पक्ष्यापुढे "माहिती अपुरी" असा शिक्का होता. भाच्याने तो शिक्का मनाला लावून घेतला. इतर पक्ष्यांना म्हणे त्यांच्याच आवाजाची टेप लावून बोलतं करतात, पण शेंडेसाळुंकीची टेपच कुणाकडे नव्हती. पुस्तकातली ती ओळ दहाव्यांदा वाचताना भाच्याला एकदम घरचा जिना आठवला. त्याने आत्याला कार्यालयात बोलावलं आणि सगळ्यांसमोर शीळ घालायला लावली.

"हीच," तो म्हणाला.

तिथल्या कुणीच तो पक्षी कधी ऐकला नव्हता. त्यामुळे ही नव्हे, असं म्हणणारंही कुणी नव्हतं.

मोजणी वर्षातून एका सकाळी व्हायची. धारेच्या चार कोपऱ्यांवर चार ऐकणारे घडीच्या खुर्च्या टाकून बसायचे आणि मधोमध एका ओंडक्यावर आत्या. बरोबर सहाला तिने तीनदा शीळ घालायची, पक्ष्यांनी उत्तर द्यायचं, आणि आठपर्यंत जी जी हाक कानावर पडेल ती ऐकणाऱ्यांनी वेळ आणि दिशा लिहून तक्त्यात टिपायची. आत्याच्या तीन शिळा वजा. एकच हाक चौघांनी चार दिशांना ऐकली तर ते चार पक्षी, कारण एक पक्षी चार दिशांना असू शकत नाही, असा सरळ हिशेब. चौघांचा म्होरक्या इतका तिखट कानाचा की सगळे त्याला कानसेन म्हणत. बायकोची हाक मात्र त्याला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायची नाही.

सहा वाजून एक मिनिटाने आत्याचं सरकारी काम संपायचं. मग ती उठून खाली निघायची. जंगलात एकटी बाई, जिवाला धाकधूक असणारच, आणि धाकधूक झाली की आत्याच्या ओठांवर काय यायचं हे आता सांगायला नको. ओढ्यावर तोंड धुताना, दगडावर बसून डबा उघडताना, पायवाट उतरताना ती शीळ घालत राहायची. गप्प राहा असं तिला कुणी सांगितलं नाही. सांगावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण सहानंतर आत्या कुणाच्या खिजगणतीतच नव्हती.

पहिल्या वर्षी एकशे ब्याऐंशी पक्षी निघाले. "माहिती अपुरी" पुसलं गेलं आणि "संकटात" असा शिक्का बसला. भाच्याने त्या दिवशी कानसेनला मिठी मारली. पुढे एक विद्वान आले, आठवडाभर कार्यालयात बसून तक्ते वाचून गेले आणि त्यांनी या पक्ष्यावर जाडजूड प्रबंध लिहिला. शेंडेसाळुंकी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पंधरा मिनिटं मौन पाळते, असं त्यात होतं, आणि त्यानंतर तिच्या हाकेला विशेष जोर चढतो. (आत्या डबा खायची.) नर मादीला साद घालतो, त्या सादेचा शेवटचा उतरता स्वर संपूर्ण समर्पणाचा आहे, असंही होतं. (टोपली भरली, दुसरी आणा.) भाच्याने तो प्रबंध आत्याला वाचून दाखवला. आत्याला फार आवडला. पाखरंसुद्धा किती शहाणी असतात, म्हणाली.

सहाव्या वर्षी पाण्याच्या पंपाचा दांडा उसळून आत्याच्या समोरच्या दोन दातांवर बसला. त्या वर्षी सरकारी तीन शिळांचीही नुसती फुसफुस झाली, आणि नंतर तर ती तोंडाला रुमाल लावून मुकाट उतरली. वाटेत सवयीने चार-दोनदा फुंकर घातली गेली तेवढीच. चौघांचे तक्ते मिळून नऊ पक्षी. आदल्या वर्षी दोनशेच्या वर, या वर्षी नऊ. कार्यालयात सुतकी कळा पसरली. "अतिसंकटात" असा लाल शिक्का आला. धारेला तारेचं कुंपण पडलं, सहा पहारेकरी नेमले गेले, झाडाची फांदीसुद्धा तोडायला बंदी झाली. भाचा दोन वर्षं धड जेवला नाही. आत्या त्याला पाठीवर हात फिरवून म्हणायची, "येतील रे परत. जातात कुठे?" ती बोलताना स आणि श एकत्र व्हायचे, पण तिचा जीव खरोखर तुटायचा त्याच्यासाठी.

आठव्या वर्षी तिला कवळी मिळाली. कवळीचे दात मूळ दातांपेक्षा सरळ, त्यामुळे शीळ अशी खणखणीत की पलीकडच्या खोऱ्यात ऐकू जावी. दोनशे साठ पक्षी. मग दोनशे नव्वद. तेराव्या वर्षी तीनशे बारा. शेंडेसाळुंकी मरणाच्या दारातून परत आली म्हणून भाच्याला पदक जाहीर झालं, आणि यादीत तिच्या नावापुढे हिरवा शिक्का पडला: "चिंता नाही".

चिंता तिथून सुरू झाली. कुंपण निघालं, पहारेकरी दुसरीकडे हलवले. डोंगरावरून पलीकडे माणसं नेणारा, दोरावरून सरकणारा पाळणा व्हायचा होता, त्याचे खांब नेमके धारेवर येत होते. इतकी वर्षं साळुंकी आडवी येत होती. आता चिंता नाही म्हटल्यावर नव्वदच्या नव्वद झाडं पाडायची मंजुरी झाली आणि पुढच्या महिन्याची तारीखही पडली. भाच्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तीनशे बारा पक्षी आहेत, जातील दुसऱ्या झाडांवर, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

अशात नकाशे काढणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली. पदकसमारंभात लावायला तेरा वर्षांच्या मोजणीचा एक मोठा नकाशा हवा होता. आत्याचा हात स्थिर म्हणून काम तिच्याकडे आलं. प्रत्येक पक्ष्याला एक लाल ठिपका. आत्याने चष्मा पुसला, तक्ते उघडले आणि दोन दिवस इमानेइतबारे ठिपके दिले. तिसऱ्या दिवशी ती मागे सरून नकाशा बघायला उभी राहिली.

ओढ्यापाशी ठिपक्यांची दाटी होती. डब्याच्या दगडापाशी दाटी होती. तिथून ठिपक्यांची माळ उतरत गावाकडे येत होती, आणि जिथे पायवाट काटेरी जाळीला वळसा घालते तिथे तीनशे पक्ष्यांनीही वळसा घातला होता. एका मोठ्या झुडपामागे आत्या आडोशाला जायची. दरवर्षी तिथेही दोन पक्षी होते.

पहिल्यांदा तिला लाजच वाटली, कानसेनने तेवढंही सोडलं नाही म्हणून. मग तिने सहाव्या वर्षाचा तक्ता काढला आणि जीभ कवळीवरून फिरवली. मग तिला झाडं आठवली आणि ती खुर्चीत बसली. पक्षी म्हणजे मीच असेन, तर खरे किती आहेत? असतील तेवढ्यांची घरं आता आपल्यामुळे पडणार.

रविवारी दुपारी ती भाच्याच्या घरी गेली. तो आरशासमोर समारंभातलं भाषण म्हणून बघत होता.

"बाळ, बस जरा. मला काहीतरी सांगायचंय."

"बोल ना, आत्या. ऐकतोय."

"ते तीनशे बारा आहेत ना, ते मी आहे."

भाच्याने तिच्या कपाळाला हात लावून बघितला. तिने पिशवीतून नकाशा काढून पलंगावर पसरला आणि बोटाने वाट दाखवत गेली. इथे मी तोंड धुते. इथे डबा खाते. इथे साप दिसला होता, म्हणून जोरात घातली. भाचा बघता बघता पलंगाच्या कडेवर टेकला.

"अगं, तीनशे बारा पक्षी तू एकटी कशी असशील?"

"चौघं मोजतात रे. आणि मी काय एकदाच घालते का?"

पदक जाणार हे त्याला कळलंच असणार. मग म्हणाला, "आता कागदावर नुसतं असं लिहून चालायचं नाही. मोजलेला आकडा मोजणीनेच बदलतो. फेरमोजणी लावतो. तू सहाच्या तीन घाल, आणि नंतर तोंड उघडू नकोस." त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर नकाशा फाडून मोकळा झाला असता, हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम नोंदवून ठेवतो.

फेरमोजणीच्या सकाळी आत्याने तीन शिळा घातल्या आणि दोन्ही हात तोंडावर दाबून ओंडक्यावर बसून राहिली. चालली तर शीळ निघेल, म्हणून उठलीच नाही. चौदा वर्षांत ती त्या ओंडक्यावर एका मिनिटापेक्षा जास्त कधी बसलीच नव्हती. पाठ दुखायला लागली तेव्हा ती सरळ उताणी झोपली आणि पहिल्यांदाच तिने नीट वर बघितलं.

वर काहीतरी करकरत होतं. गंजलेल्या बिजागरीसारखं, लांबलचक. वारा असेल म्हणावं तर पान हलत नव्हतं. आत्याने डोळे बारीक केले. एका शेंड्याच्या ढोलीतून एक काळं डोकं बाहेर आलं, पिवळा डोळा इकडेतिकडे फिरला, चोच उघडली आणि करकर झाली. पांढरं पोट तिने स्वच्छ बघितलं. पलीकडच्या शेंड्यावरून दुसरी करकर आली. शीळबीळ काही नाही. ओंडक्यावर पडल्या पडल्या आत्याच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं, इतका तिला आनंद झाला. तोंडावरचे हात मात्र तिने आठपर्यंत काढले नाहीत.

खाली येऊन बघते तर चौघांच्या तक्त्यांत हाकांचा रकाना कोरा.

"एकही नाही," कानसेन म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "जंगल मेल्यासारखं शांत."

"अरे, मी बघितले ना! दोन तरी आहेतच. करकरतात ते."

कारकुनाने नियमांची वही काढली. हाक देणारीने हाक द्यावी, ऐकणाऱ्यांनी ऐकावं. बघण्याचं पद मंजूरच नव्हतं, त्यामुळे आत्याचं बघणं कुठे लिहायचं हा प्रश्न होता. शून्य आकडा वर गेला आणि चार दिवसांत नवा शिक्का आला: "नष्ट". नष्ट झालेल्या पक्ष्याला झाडं लागत नाहीत. त्यामुळे पाडायची तारीख महिन्यावरून अलीकडे आली. बुधवारी शेवटची सुनावणी, गुरुवारी करवती.

"पण ही तर उलटीच गत झाली," आत्या भाच्याला म्हणाली. "तीनशे होते तेव्हा नकोत, एकही नाही तरी नकोत. त्यांना हवे तरी किती?"

"एक ते पन्नास," भाचा म्हणाला. "तेवढ्यात बसलं तर अतिसंकटात. तर झाडं वाचतात."

मनात आणलं असतं तर आत्याला बुधवारच्या आत पंचवीस पक्षी होणं जड नव्हतं, आणि तो विचार तिच्या मनात येऊन गेला नाही असं मी म्हणणार नाही. पण तिने तो झटकला. त्याऐवजी ती घरी बसून करकरायला शिकली. आवाज ओठांतून निघेना, तो घशातून, टाळ्याला जीभ घासून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी शेजारीण तेलाची बाटली घेऊन आली आणि कुठलं दार म्हणून विचारू लागली.

सुनावणीला एक अध्यक्षीणबाई आणि दोन सभासद होते. भाच्याने उभं राहून सगळं सांगितलं: पक्षी, आत्या, कवळी, पदक. सांगताना त्याचे कान लाल झाले, पण त्याने एक शब्द गाळला नाही. अध्यक्षीणबाईंनी ते दोनदा सांगायला लावलं. मग त्या आत्याकडे वळल्या.

"तुमचं म्हणणं, खरा पक्षी वेगळा बोलतो. कसा?"

आत्या उभी राहिली. तिने मान वर केली आणि करकर काढली, लांबलचक, दोनदा. डावीकडचे सभासद उठले आणि दार लावायला गेले. दार बंदच होतं. ते तिथेच कडीला हात लावून उभे राहिले.

भिंतीजवळ बसलेला कानसेन हळूच म्हणाला, "हा आवाज होय? हा तर दरवर्षी ऐकतो मी. झाडं करकरतात ती."

"मग टिपला नाहीत?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"मोजणीत नाही धरला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिला. झाडं करकरली, म्हणून. जितकी झाडं करकरली तितक्या रेघा."

"वाऱ्याने?"

"वाऱ्यानेच की," कानसेन म्हणाला आणि थांबला. मग सावकाश म्हणाला, "पण वारा असला तर आम्ही मोजणीच घेत नाही."

भाचा धावत जाऊन चौदा वर्षांचे गठ्ठे घेऊन आला. बाकी तिघांनी शेऱ्याचा रकाना कोराच सोडला होता. कानसेनने एकट्याने सोडला नव्हता, वेळ आणि कोपरासुद्धा घातला होता. एकाच वेळी दोन कोपऱ्यांतून करकर आली तर दोन रेघा. भाचा रेघा मोजत एकेक वर्ष मोठ्याने वाचू लागला आणि अध्यक्षीणबाई समोरच्या कागदावर लिहू लागल्या.

पहिलं वर्ष एकसष्ट. दुसरं अठ्ठावन्न. कवळी नव्हती त्या वर्षी चव्वेचाळीस. कवळी आली त्या वर्षी सदतीस. पदकाच्या वर्षी, तीनशे बारा पक्षी निघाले त्या वर्षी, एकोणीस. शेवटचा तक्ता फेरमोजणीचा होता, जंगल मेल्यासारखं शांत होतं त्या सकाळचा.

"आठ," तो म्हणाला.

अध्यक्षीणबाईंनी कागद सभासदांकडे सरकवला. आठ म्हणजे एक ते पन्नासांत बसतं, त्यांनी सांगितलं. उद्याच्या करवती थांबवा. कानसेनने सुटकेचा श्वास सोडला, आणि दारापाशी उभे राहिलेले सभासद परत जागेवर येऊन बसले. भाचा मात्र त्या गठ्ठ्यापुढे तसाच उभा होता. का कमी झाले असतील, हे त्याला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत कुणी बघायलाच गेलं नव्हतं, कारण तक्त्यात ते वाढत होते.

"मग इतकी वर्षं आपण वाचवलं काय?" त्याने आत्याला विचारलं.

"मला," आत्या म्हणाली.

म्हणताना तिला त्याचा अर्थ लागला. कुंपण, पहारेकरी, लाल शिक्का, पोराचं दोन वर्षं न जेवणं, सगळं तिच्या वाट्याला आलं होतं. ती खालून मजेत शीळ घालत चालली होती आणि तिच्या डोक्यावर एकसष्टातले त्रेपन्न एकेक करून संपले होते. तिला फार वाईट वाटलं. सुनावणीच्या खोलीत, परक्या माणसांसमोर, ती तोंडावर हात न घेता रडली. अध्यक्षीणबाईंनी जरा वेळ थांबून निकालाच्या कागदावर आठाचा आकडा लिहिला आणि खाली सही केली.